बांबूचं रोप घेताना उंची नव्हे, कुंडी बघा

नव्या बागेच्या कडेला बांबूचा आडोसा करायचं ठरलं. जात निवडणं सोपं गेलं: सैरावैरा पसरणारी नको, एका जागी बेट करणारी हवी. घोडं अडलं ते रोपांच्या आकारापाशी. नर्सरीत एकच प्रश्न, "किती फुटी हवंय?" कुंडी किती लिटरची, आत कंद केवढा, रोप या कुंडीत कधीपासून आहे, यातलं काहीही विचारलं की गप्प. याचा राग अजून आहे, कारण बांबूच्या बाबतीत सगळ्यात कमी उपयोगाची माहिती उंचीचीच.

बांबूची काठी जमिनीतून वर येते ती आपली पूर्ण जाडी घेऊनच. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तिची उंचीही पूर्ण होते. त्यानंतर तिला फांद्या आणि पानं फुटतात, पण काठी तेवढीच राहते. आज आणलेली आठ फुटी काठी पुढच्या वर्षी दहा फुटी होत नाही. उंची वाढते ती नव्या कोंबांमुळे, आणि ते किती जोमदार येणार हे कंदातल्या साठ्यावर ठरतं. म्हणून पैसे मोजायचे ते मातीखालच्या भागाचे.

अरुंद पिशवीतलं, दोनच काठ्यांचं आठ फुटी रोप आणि रुंद कुंडीतलं, पाच-सहा काठ्यांचं चार फुटी रोप शेजारी ठेवलं, तर दुसरंच घ्यावं. पहिलं वाऱ्याने हलत राहतं, नवी मुळं धरण्याआधीच तुटतात आणि पानं झडतात. शेंडे छाटलेले आहेत का, तेही बघा. छाटलेली काठी पुन्हा उंच होत नाही.

कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढून दाखवायला सांगा. काठ्यांना धरून ओढू देऊ नका, बुडाशी कोवळे कोंब मोडतात. मातीचा गड्डा अखंड निघाला आणि कडेला पांढरी, टणक मुळं दिसली तर रोप उत्तम. माती भसाभस गळली तर रोप नुकतंच लहान कुंडीतून मोठीत हलवलेलं असतं, म्हणजे मोठ्या कुंडीच्या भावात लहान रोप. तपकिरी मुळांचे घट्ट वेढे दिसले तर ते फार दिवस अडकून पडलंय. घ्यायचंच असेल तर लावताना वेढे मोकळे करावे लागतात.

माझ्या मते मध्यम उंचीच्या जातीसाठी दहा ते पंधरा लिटरची कुंडी सगळ्यात बरी. तीन ते पाच लिटरची रोपं लांब कुंपणासाठी परवडतात, पण दोन-तीन वर्षं थांबायची तयारी हवी आणि उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. चाळीस लिटरच्या पुढचं रोप आडोसा लगेच हवा असेल तरच घ्यावं. ते उचलायलाच दोन माणसं लागतात. दोन रोपांत एक ते दीड मीटर अंतर ठेवा. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच.

पसरणारी जातच हवी असेल तर लावण्याआधी 60 ते 75 सेंटीमीटर खोल जाड प्लास्टिकचा अडसर गाडा आणि त्याची कड जमिनीच्या 5 सेंटीमीटर वर ठेवा.

आणि रोपं उघड्या गाडीतून आणणार असाल तर आधी भरपूर पाणी घालून ती आडवी ठेवा आणि वरून कापड बांधा. वाऱ्याने पानं वाटेतच सुकतात.