वादक पाळक झाला, म्हणजे संगीत सुटलं का?

पुढे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, झालेले अमेरिकी वादक जॉन विंबर यांचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: सुटलं नाही. बँड बांधायची अक्कल त्यांनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणली, एवढंच.

कॅलिफोर्नियातल्या 'पॅरामोर्स' बँडमध्ये विंबर कीबोर्ड वाजवायचे. त्यातले बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड पुढे 'रायचस ब्रदर्स' ही गायकजोडी म्हणून गाजले. विंबर मात्र १९६३ मध्ये ख्रिस्ती झाले, नंतर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे पाळक. १९७७ मध्ये वेगळी मंडळी, १९८२ पासून व्हिनयार्ड या ख्रिस्ती मंडळ्यांच्या चळवळीचं नेतृत्व.

वादकाचा हात दिसतो तो उपासनेत. एक गीत, मग सूचना, मग दुसरं गीत ही जुनी रीत. व्हिनयार्डमध्ये गाणी सलग, बराच वेळ चालतात: आधी बोलावणं, मग जोमदार स्तुती, शेवटी संथ, देवाला थेट 'तू' म्हणणारी. हे साधायचं तर पुढचं गाणं त्याच किंवा जवळच्या पट्टीत हवं आणि मधली फट कीबोर्डच्या स्वरांनी भरलेली. बिघडतं ते दोन ठिकाणी. चाल फार उंच, वरच्या डी सुरापलीकडे गेली की मागच्या रांगा गप्प होतात, आणि समोर फक्त कार्यक्रम उरतो. दुसरं म्हणजे पुढाऱ्याची दोन गाण्यांमधली बडबड. तिने सगळा ओघ तुटतो.

आजाऱ्यांसाठी प्रार्थनेचीही त्यांनी पाच पायऱ्यांची घडी बसवली. कुठे दुखतंय ते विचारा, मूळ काय असावं ते ओळखा, कोणती प्रार्थना करायची ते ठरवा, प्रार्थना करा, मग पुढे काय करायचं ते सांगा. चौथ्या पायरीवर डोळे उघडे ठेवायचे, मध्येच थांबून "काय जाणवतंय?" असं विचारायचं. आवाज चढवायचा नाही. घाई होते ती दुसऱ्या पायरीवर: ऐकून न घेताच कारण ठरवलं जातं, आणि आजाऱ्याच्या माथी 'विश्वास कमी' असा शिक्का बसतो. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की एकट्या गायकासारखं व्यासपीठावरून प्रार्थना करणाऱ्याची गरज उरत नाही. बाकावरचा कुणीही शिकू शकतो.

अतिरेक मात्र त्यांना खपत नसे. टोरांटो विमानतळाजवळच्या व्हिनयार्डच्याच मंडळीत लोक प्राण्यांसारखे आवाज काढू लागले, तेव्हा डिसेंबर १९९५ मध्ये व्हिनयार्डने तिच्याशी नातं तोडलं. आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणजे औषधोपचारांशी वैर, असं म्हणाल, तर १९९३ मध्ये कर्करोग निघाल्यावर विंबर यांनी स्वतः रेडिएशन घेतलं होतं.