आमची वाटचाल : मु.पो. पासून शटरपर्यंत

आमची फर्म जालन्यात आहे, मोंढ्याच्या म्हणजे धान्याच्या घाऊक बाजाराच्या जवळच, आणि काम काय तर कुठलं दुकान, गोडाऊन, जिनिंग, दालमिल, दवाखाना, पेट्रोलपंप नेमका कुठंय हे जागेवर जाऊन बघायचं आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकता येईल असा डेटा करून कंपन्यांना द्यायचा. बाहेर याला पॉइंट ऑफ इंटरेस्ट म्हणतात, आमच्या ऑफिसात नुसतं पॉइंट. बरेच जण विचारतात की हे सगळं मोबाईलवर फुकट दिसतं तर मग तुम्हाला पैसे कोण देतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं.

मी आधी पुण्यात जीआयएसच्या म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या नोकरीत होतो आणि धाकटा भाऊ इकडं ट्रान्सपोर्टमध्ये. जालना म्हणजे बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव, त्यामुळं मृगाच्या आधीचा महिना-दीड महिना भावाच्या गाड्या मराठवाडाभर बियाण्याच्या बॅगा घेऊन फिरतात आणि त्या दिवसांत त्याचा फोन खाली राहत नाही. ड्रायव्हर म्हणतो मॅपनं इथं आणून सोडलं, इथं तर नुसता माळ आहे, दुकान कुठंय? सीझनमध्ये एक गाडी अर्धा दिवस भटकली तर पुढच्या चार डीलरकडं माल उशिरा पोचतो आणि पेरणी काही कुणासाठी थांबत नाही, पाऊस पडला की शेतकऱ्याला बॅग त्याच दिवशी पाहिजे. हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलं की नकाशे बनवायला पुण्यात बसायची गरजच नाही, काम तर इथंच पडलेलं आहे.

पहिलं काम एका डिस्ट्रिब्युटरचं मिळालं. त्यांच्याकडं कृषी सेवा केंद्रांची एक्सेल यादी होती आणि पत्ते सगळे आपल्याकडं असतात तसेच, मु.पो. अमुक, ता. भोकरदन, जि. जालना, बस्स. गल्ली नाही, घर नंबर नाही. असा पत्ता जिओकोडिंगला, म्हणजे पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू काढायला टाकला की सॉफ्टवेअर त्याला गावाच्या मधला एक ठरलेला बिंदू देऊन टाकतं, म्हणजे एका गावात सहा दुकानं असली तर सहाही पिना एकावर एक आणि तो बिंदू गावठाणात असेल नाहीतर शिवारात कुणाच्या तरी कपाशीत. स्क्रीनवर बघणाऱ्याला वाटतं की सगळे डीलर मॅपवर आले, झालं काम. खरं तर एकही आलेला नसतो. म्हणून आम्ही पहिल्यापासून प्रत्येक पॉइंटला एक कॉलम ठेवतो, हे लोकेशन कशावरून आलं, गावाच्या नावावरून, पिनकोडवरून, का शटरसमोर उभं राहून घेतलं. पिनकोडचं पण सांगतो, आपल्याकडं एका पिनकोडखाली भरपूर गावं असतात आणि जालना, परभणी, नांदेडचा नंबर ४३१ नं सुरू होतो तर लातूर, धाराशिवचा ४१३ नं, त्यामुळं मराठवाडा म्हणून ४३१ वर फिल्टर लावायला गेलात तर लातूर, धाराशिव गळून पडतात.

फिल्डला आमची पोरं-पोरी जातात, बहुतेक त्याच तालुक्यातली. आम्ही मुद्दाम तशीच घेतो कारण भोकरदनच्या पोराला भोकरदनच्या गल्ल्या सांगाव्या लागत नाहीत. दुकानदार आधी बिचकतो, "काहून फोटो काढायलाव, कृषी खात्याकडून आलात का जीएसटीवाले?" त्याचं पण बरोबर आहे, बियाणं, खत आणि औषध या तिन्हीचे परवाने वेगवेगळे, कधी कोण तपासायला येईल याचा नेम नाही. म्हणून ओळखपत्र आणि फर्मचं पत्र सोबत असतं, मालकाचा मोबाईल नंबर विचारूनच लिहितो, नको म्हटला तर तो रकाना रिकामा. पुढं नोंद काय करतो तर बोर्डावरचं नाव, लोक ज्या नावानं ओळखतात ते नाव, धंद्याचा प्रकार, साप्ताहिक सुट्टी, माल उतरवायला गाडी कुठं लागते आणि बघितल्याची तारीख. लोकांच्या तोंडी असलेलं नाव फार महत्त्वाचं आहे कारण बोर्डावर कुलदैवताच्या नावानं ट्रेडर्स असतं आणि चौकात विचारलं तर ते नाव कुणालाच माहीत नसतं, सगळे मालकाच्या आडनावानं ओळखतात. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला मोकळा नकाशा, त्यात यासाठी ऑल्ट नेम म्हणून वेगळा टॅग आहेच आणि मराठी नावासाठी नेम कोलन एमआर, आम्ही दोन्ही भरतो.

मोंढ्यातलं काम सगळ्यात किचकट. गाळा असतो दहा-बारा फुटांचा आणि मोबाईलचं जीपीएस उघड्या आभाळाखाली पण साधारण ५ मीटर म्हणजे सोळा फूट इकडं तिकडं होतं, दोन्ही बाजूला इमारती असल्या तर अजून जास्त. म्हणजे नुसत्या जीपीएसवर शेजारच्या दोन आडतींमधला फरक कळूच शकत नाही. त्यावर उपाय एकच, रांगेच्या एका टोकाला सुरुवात करून गाळ्यांचा क्रम लिहीत चालत जायचं आणि ऑफिसात आल्यावर सॅटेलाइट फोटोवर त्या क्रमानं पॉइंट बसवायचे, वरच्या मजल्यावरचं ऑफिस असेल तर मजला वेगळा लिहायचा. वेळखाऊ आहे पण दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

डुप्लिकेट काढणं हा अजून एक मोठा विषय. जगभरात रीत अशी आहे की दोन पॉइंट एकमेकांपासून थोड्या मीटरवर असले आणि नावं मिळतीजुळती असली तर ते एकच समजून जोडून टाकायचे. मोंढ्यात हे चालवलं तर अनर्थ होतो. एकाच घरातले तीन भाऊ, एकाचं ट्रेडर्स, दुसऱ्याचं ट्रेडिंग कंपनी, तिसऱ्याचं वडिलांच्या नावानं अँड सन्स, तिघांचे गाळे चिकटून आणि हिशोब, लायसन, गिऱ्हाईक सगळं वेगळं. कॉम्प्युटर तिघांना एक करून टाकतो. कुणी म्हणेल जीएसटी नंबर बघा, तर तो १५ अंकी-अक्षरी नंबर मालक सांगतो, जागा नाही सांगत, दुकान गावात आणि गोडाऊन एमआयडीसीत असलं तरी राज्यात नोंदणी एकच असू शकते. त्यामुळं आमच्या डेटाबेसमध्ये मालक वेगळा आणि जागा वेगळी अशी दोन टेबलं आहेत. गावांच्या नावांचं तेच. बुद्रुक आणि खुर्द ही दोन स्वतंत्र गावं असतात पण यादीत नुसतं बु. आणि खु. असतं, कुणी तेही टाकत नाही, आणि पिंपळगाव, वडगाव, बोरगाव तर तालुक्यातालुक्यात आहेत. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा पण खूप जणांच्या जुन्या याद्या नव्या नकाशाला जुळेनात, एकीकडं औरंगाबाद, दुसरीकडं छत्रपती संभाजीनगर, एकीकडं उस्मानाबाद, दुसरीकडं धाराशिव, इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार तर वेगळेच. आमचं कशालाच अडलं नाही कारण आम्ही गाव, तालुका, जिल्हा नावावर जोडतच नाही, सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे जे कोड आहेत त्यावर जोडतो, नाव काय नुसतं दाखवायला.

सॉफ्टवेअर म्हणाल तर नकाशा बघायला-बनवायला क्यूजीआयएस आणि त्याचा डेटाबेस ठेवायला पोस्टजीआयएस, दोन्ही फुकट आणि दोन्ही दमदार, लहान फर्मनं महागडं लायसन घ्यायच्या आधी हे एकदा मनापासून वापरून बघावं असं माझं ठाम मत आहे. फाईल मात्र शेपफाईल या नकाशाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये देऊ नका. त्यात कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे तीन अक्षरांत कॉलमचं नाव संपलं, शिवाय एन्कोडिंग चुकलं की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. आम्ही जिओपॅकेज हा नवा फॉरमॅटच देतो. गिऱ्हाईकाकडून आलेल्या याद्यांमध्ये तर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या पण असतात, त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. आणि अक्षांश-रेखांश उलटे पडलेत का हे डेटा आल्या आल्या बघायचं. आपलं जालना साधारण १९.८ उत्तर आणि ७५.९ पूर्व, हे आकडे अदलाबदल झाले की जालन्याचं दुकान नॉर्वेच्याही वर बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं. ते लगेच दिसतं तरी, पण अंतर मोजायची गडबड दिसत नाही. मीटरमध्ये अंतर मोजायला यूटीएम म्हणून पद्धत आहे, त्यात पृथ्वीच्या उभ्या पट्ट्या म्हणजे झोन पाडलेत आणि दोन झोनचे आकडे एकमेकांत मिसळून चालत नाहीत. मराठवाडा जवळजवळ सगळा त्याच्या ४३ नंबरच्या झोनमध्ये बसतो पण झोनची हद्द ७८ रेखांशावर आहे आणि आपलं किनवट त्याच्या पलीकडं, ४४ मध्ये. नांदेड जिल्ह्याचं काम असलं की हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि तो आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. राउटिंगचं, म्हणजे गाडीला रस्ता काढून देणारं सॉफ्टवेअर काय करतं, तर तुम्ही दिलेला पॉइंट सगळ्यात जवळच्या रस्त्याला चिकटवतं आणि तिथपर्यंतचा रस्ता काढतं. गोडाऊन समृद्धीपासून शंभर मीटरवर असेल आणि त्याचा खरा रस्ता मागच्या बाजूनं गावातून असेल तर पॉइंट चिकटणार समृद्धीला, आणि समृद्धीला दोन्ही बाजूनं कुंपण, मध्ये कुठंच उतरता येत नाही, इंटरचेंजलाच उतरायचं. गाडी गोडाऊनच्या बाजूला येऊन उभी राहते, पत्रे डोळ्यानं दिसतात, आणि पोचायला पुढं किती किलोमीटर जाऊन वळून यावं लागेल ते ड्रायव्हरलाच कळतं. म्हणून आम्ही मोठ्या प्रत्येक जागेला दोन पॉइंट देतो, एक इमारतीचा आणि एक गेटचा, आणि राउटिंगला गेटचाच वापरा म्हणून गिऱ्हाईकाला बजावून सांगतो. जिनिंग, साखर कारखाना, बाजार समिती, स्टीलच्या मिला, सगळ्यांना हेच. एमआयडीसीत तर कित्येक कारखान्यांना माणसांचं गेट एका रोडवर आणि मालाचं गेट दुसऱ्या रोडवर असतं.

मोकळा, म्हणजे कुणालाही वापरता येणारा डेटा आम्ही वापरतो का, हो वापरतो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून आहे आणि २०२२ च्या डिसेंबरात ओव्हरचर मॅप्स फाउंडेशन सुरू झालं, ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट, टॉमटॉम एकत्र आले, त्यांचा जागांचा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. प्रत्येक पॉइंटला खात्री किती याचा आकडा पण सोबत असतो, चांगली सोय आहे. पण त्यातला मोठा भाग फेसबुक पेजसारख्या ठिकाणाहून आलेला, मग ज्याचं पेजच नाही तो तिथं कुठून येणार. शहरातले कॅफे, शोरूम, क्लासेस भरपूर सापडतात, घनसावंगीच्या एखाद्या खेड्यातलं कृषी सेवा केंद्र, मंठ्याची खानावळ, आडत, महा ई सेवा केंद्र हे कमीच. प्रकारांची यादी पण तिकडच्या हिशोबानं केलेली, आपलं कृषी सेवा केंद्र कधी बागकामाच्या दुकानात पडतं कधी शेतात, म्हणून आम्ही आमची वेगळी यादी केली आणि ती त्यांच्या प्रकारांशी जोडून ठेवली. लायसनच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर बघून पॉइंट उचलायचे नाहीत, ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरला तर श्रेय द्यायचं आणि त्यात आपला मिसळून तयार झालेला डेटाबेस बाहेर दिला तर तोही त्याच लायसनखाली द्यावा लागतो, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाचा थर आम्ही पूर्ण वेगळा ठेवतो. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नकाशाच्या डेटाचे नियम मोकळे केले, भारतीय फर्मला आधी परवानगी काढायची गरज राहिली नाही, त्यानंतर आमच्यासारख्या लहान लोकांना फार मोकळीक मिळाली.

गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न अजून तोच असतो, तुमच्याकडं किती पॉइंट आहेत. मी म्हणतो आकडा नका विचारू, तारीख विचारा. आपल्याकडं गाळ्याचा करार ११ महिन्यांचा असतो, करार संपला की भाडं वाढतं नाहीतर दुकानदार दुसऱ्या गल्लीत जातो, कधी धंदाच बदलतो, काल मोबाईल शॉपी होती तिथं आज झेरॉक्स. म्हणजे वर्षाआधी घेतलेला भाड्याच्या गाळ्याचा पॉइंट परत बघितल्याशिवाय विकूच नये असं मी मानतो. यावरूनच आम्ही दर पण तसेच लावलेत, पॉइंटचे पैसे कमी आणि दरवर्षी परत बघण्याचे पैसे वेगळे. सुरुवातीला हे पटवायला जड गेलं, डेटा एकदाच विकत घ्यायचा असतो असं लोक धरून चालतात. पण ज्यांच्या गाड्या रोज रस्त्यावर असतात त्यांना दोन सीझनमध्ये पटतं. स्वतःच्या जागेतली दुकानं, बँका, सरकारी दवाखाने, देवस्थानं यांना मात्र दरवर्षी जायची गरज नाही, तिथं फोनवर विचारून भागतं.

२०२५ च्या मे महिन्यात पोस्टखात्यानं डिजिपिन आणला, १० अक्षरांचा कोड आणि साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन, तो आम्ही सगळ्या पॉइंटांना जोडून टाकला कारण अक्षांश-रेखांशावरून तो सरळ निघतो, इंटरनेट पण लागत नाही. फोनवर पत्ता सांगायला मु.पो. पेक्षा कितीतरी बरा. मोंढ्यातल्या गाळ्यांना तोही अपुरा पडतो, एका चौकोनात दोन शटर येतात, म्हणून गाळा नंबर सोबत लागतोच.

सध्या आठवडी बाजारांचा थर चालू आहे. बाजार हा पण पॉइंटच, फक्त आठवड्यातून एकदा असतो, आणि त्या दिवशी गावातला मेन रोड गाड्यांसाठी बंद झाल्यातच जमा असतो, हे राउटिंगला कळलं पाहिजे. वार, वेळ, जागा, जनावरांचा बाजार वेगळा भरतो का, टेम्पो कुठून घुसतो, सगळं घेतोय. जालना जिल्ह्यातले तालुके आधी, मग परभणी आणि हिंगोलीकडं जायचं आहे, त्या बाजूच्या तालुक्यांत राहणारी, गाडी चालवणारी आणि लोकांशी नीट बोलणारी पोरं-पोरी असतील तर मेसेज करा, काम शिकवायची जबाबदारी आमची.