पडदे काढलेली बेस

बेस गिटार बघितली की कोल्हापुरात ठरलेला प्रश्न येतो. "चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या व्हय?" तुटल्या नाहीत मामा, असतातच चार. त्यातून माझी बेस दिसायलाही तशीच, दोन तारा हरवून बसल्यासारखी. एका जुन्या ऑर्केस्ट्रातली, कलकत्त्याच्या बनावटीची. गणपतीचे मांडव आणि लग्नाची स्टेजं यांत तिची उमेद गेली. ऑर्केस्ट्रा बंद पडला, बेस कुणाच्या तरी माळ्यावर गेली आणि तिथून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आली. रंगाचे पोपडे निघालेले, तारांना गंज, आणि नॉब फिरवला की स्पीकरमधून नुसती खरखर.

खरखर ही तशी किरकोळ बाब. नॉबच्या खाली पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारा भाग असतो, त्याच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब गरागरा फिरवायचा, नाहीच गेली तर 250 के चा नवा पॉट बसवायचा. गुणगुण मात्र चिवट. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि बेसवरचा खालचा 'जी' हा सूर आहे 49 हर्ट्झचा. म्हणजे अर्थिंग धड नसलं, की भिंतीतली वीज आपल्या साथीला किंचित चढा 'जी' धरून बसते, आणि बेसुरे आपणच ठरतो. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, तेव्हा ही साथ बरीचशी थांबली.

मग मान. चार तारा मिळून मानेवर 70-80 किलोचा ताण देतात. तो पेलायला लाकडाच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते. आमच्याकडे पावसाळा म्हणजे भिंतींनाही घाम, तिथं माळ्यावरच्या लाकडाचं काय होणार? मान चांगलीच वाकली होती. ॲलन की घालून पाव फेरा द्यायचा, तारा सुरात लावायच्या आणि बेस तशीच रात्रभर ठेवायची. सकाळी डोळा लावून मानेची धार बघायची, लागला तर आणखी पाव फेरा. उतावळ्या माणसानं यात पडू नये, सळईचा आटा गेला तर मान गेली.

मान सरळ आली, तरी 'ई'ची तार झणझणायची थांबेना. वर्षानुवर्षं एकाच जागी बोटं दाबून फ्रेटना, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना (पडद्यांना), खड्डे पडले होते. गिटारवाल्यांच्या जगात ही झणझण म्हणजे रोग. त्यावर उपचार दोन : फ्रेट घासून एका पातळीत आणा, नाहीतर नव्या बसवा.

पण कोल्हापूरपासून 50 किलोमीटरभर गेलं की मिरजेत हीच झणझण आणण्यासाठी कारागीर दिवस दिवस तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसतात. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी मंद उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, खाली सुताचा दोरा सरकवला की नेमक्या जागी जवारी, म्हणजे ही गोड झणझण, खुलते आणि एका तारेतून सुरांचा झुबका उठतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेवर लिहिलं, ते याच घोडीविषयी. नियमाप्रमाणे, तार जिथं छेडावी त्या जागी ज्या उपस्वरांचा (मूळ सुरात मिसळलेल्या वरच्या सुरांचा) स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते खणखणीत उमटतात. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी हा उतार केवळ हातानं आणि कानानं साधला होता.

मग ठरवलं, फ्रेट बदलायच्या नाहीत, उपटायच्या. ही अक्कल काही माझी नव्हे. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्यानं 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढली, तिचं नावच फ्रेटमुळे. उभ्या डबल बेसवर सूर शोधावा लागतो, इथं तो नेमका सापडतो. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांची अडचण त्यानं बरोबर हेरली. पुढं दहा वर्षांतच रोलिंग स्टोन्सचा बेसवादक बिल वायमन यानं एका स्वस्त बेसच्या फ्रेट काढल्या, आणि नंतर जॅझवाला बेसवादक जाको पास्टोरियसनं आपल्या 1962 च्या फेंडर जॅझ बेसवर इपॉक्सीचा, म्हणजे कडक रेझिनचा, थर चढवून त्या आवाजाला इभ्रत मिळवून दिली. देवल क्लब या इथल्या संगीत संस्थेच्या मैफली ऐकून कान बिघडलेल्या माणसाला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, नसलेलं वाद्य तसंही अर्धवटच वाटतं. साठ सालची फेंडर असती तर मी हात लावला नसता. ही साधी बेस, हिचं मूळ रूप जपून कुणाला दाखवायचं?

फ्रेट काढणं हे दात काढण्याइतकंच नाजूक. आधी सोल्डरिंग आयर्ननं फ्रेट तापवायची, म्हणजे खालचा जुना डिंक सैल होतो. मग सपाट तोंडाची कटर पक्कड एका कडेला लावून ओढायचं नाही, नुसतं चिमटत चिमटत पुढं सरकायचं. शिसवीचा कपचा उडालाच तर तो तिथल्या तिथं फेविक्विकनं चिकटवायचा. रिकाम्या खाचांत सुताराकडची फिकट व्हिनियरची पट्टी बसवली, म्हणजे बोटाला खूण राहिली. मग बारीक पॉलिश पेपर. इपॉक्सी नको होतं, म्हणून गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा घेतल्या. खरबरीत तारा उघडं लाकूड खातात.

आता बोट खाचेच्या मागे नाही, नेमकं खाचेवर पडावं लागतं. तीळभर सरकलं की घरातले लोक खोलीत डोकावतात. पण बरोबर पडलं, तर बोटापुढच्या लाकडाला तार अलगद घासते आणि सूर उमटता उमटता 'म्वाऽऽ' असा फुलतो. बेसनं आजवर मागं उभं राहून ठेका धरला, आता ती मध्येच गायला बघते. ड्रमरला ते अजिबात आवडलेलं नाही.

राहिला आहे पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारा भाग. एक कॉइल दमली आहे, ती पुन्हा गुंडाळायला हवी. केसाइतकी बारीक 42 गेजची तार, वेढे दहा हजारांच्या घरात. उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका मिस्त्रींना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती उजेडात धरली. "पंख्याची करतोय की, हिला काय सोनं लागलंय?"

तार मध्येच तुटली तर, मी विचारलं.

"तुटली तर परत पयल्यापासनं. चहा सांगा."