करपा ओळखणारा फोन: बॅटरीचा हिशेब आणि पुढचा टप्पा

रावेरकडच्या केळीबागेत चाललेल्या प्रयोगात या पावसाळ्यात एक मोठी गोष्ट जमली. पानाच्या फोटोवरून करपा (केळीच्या पानांवरचा रोग) ओळखायचं काम आता फोन आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचे दूरचे सर्व्हर, यांच्यात वाटून दिलंय, आणि बाग फिरून होईपर्यंत बॅटरी तग धरते.

सगळं काम क्लाउडवर ढकललं की बॅटरी वाचते, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. कार्तिक कुमार आणि युंग-श्यांग लू या संशोधकांनी २०१० मध्येच याचा हिशेब मांडला होता. फोनवरच गणित केलं तर लागणारी ऊर्जा एका पारड्यात. दुसऱ्यात डेटा पाठवायची ऊर्जा आणि उत्तराची वाट बघताना जळणारी ऊर्जा. गणित अवाढव्य आणि डेटा चिमूटभर असेल, तर क्लाउड परवडतो. बुद्धिबळ हे त्यांचं उदाहरण: पटाची स्थिती पाठवायला काहीच लागत नाही, पुढच्या चाली शोधायला मात्र प्रोसेसर घामाघूम होतो.

पानाचा फोटो नेमका उलट. मूळ फोटो तीन-चार एमबीचा, आणि मोबाइलनेटसारखं छोटं मॉडेल (चित्र ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम) तो २२४ बाय २२४ पिक्सेलला आणून फोनवरच झटक्यात तपासतं. असा फोटो वर पाठवणं म्हणजे निव्वळ तोटा. म्हणून पहिली चाळणी फोनवरच ठेवली. मॉडेलला शंका आली, तरच पानाचा तेवढा तुकडा कापून सर्व्हरवरच्या मोठ्या मॉडेलकडे जातो. शंका बहुतेक कोवळ्या रेषांवर येते: शिरांना समांतर, पिवळट, पेन्सिलने ओढल्यासारख्या. पिवळ्या कडेचे राखाडी ठिपके उमटले, की फोन एकटाच ओळखतो.

खरी बचत मात्र रेडिओत, म्हणजे फोनच्या सिग्नल पाठवणाऱ्या भागात, सापडली. डेटा गेला तरी मोबाइलचा रेडिओ लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो. एकेक तुकडा सुटा पाठवला, तर दरवेळी या जागरणाची ऊर्जा भरावी लागते. त्यात दाट, ओल्या केळीत रेंज पडते, आणि रेंज पडली की फोन जोर लावून बोलतो. आता तुकडे साठतात आणि बांधावर आल्यावर एकगठ्ठा जातात. घाई नसलेले मूळ फोटो वर्कमॅनेजरला, म्हणजे कामं योग्य वेळी उरकणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीला, सोपवलेत. घरी वाय-फाय आणि चार्जर दोन्ही मिळाले, तरच ते निघतात. अँड्रॉइड बॅटरीच्या करंटचा आकडा मायक्रोअँपिअरमध्ये देतो, तो नोंदवत राहा. फरक डोळ्यांना दिसतो.

पुढचं काम पंपाच्या खोलीत. संशोधक महादेव सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या क्लाउडलेटच्या, म्हणजे जवळच ठेवलेल्या छोट्या सर्व्हरच्या, धर्तीवर तिथे रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणि वाय-फाय राउटर बसवतोय. सर्व्हर हाकेच्या अंतरावर आला, की वाट बघण्यातली ऊर्जा घटेल. मोठं मॉडेल त्या रास्पबेरी पायवर बसवायला लहान करावं लागेल, आणि लाइट गेली तरी तो चालावा म्हणून बॅटरीची जोडणी आधी करायची आहे.