'इरुवर' : अकरावा आठवडा

तमिळ शिकण्यासाठी 'इरुवर' हा तमिळ चित्रपट सबटायटल झाकून बघायचा असं ठरवलं, त्याला आज अकरा आठवडे झाले. रोज चाळीस मिनिटं, एकच प्रसंग, पुन्हा पुन्हा. लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या कडेला जाड कागदाची पट्टी चिकटवली आहे. कानाने पकडता येईल तेवढं आधी वहीत उतरवायचं, मग पट्टी उचलून पडताळायचं.

या आठवड्यातली खरी कमाई चित्रपटाच्या नावातच निघाली. तमिळमध्ये दोन म्हणजे 'इरण्डु'. दोन झाडं, दोन घरं, तिथे इरण्डु. माणसं असली की 'इरुवर'. तीन माणसं 'मूवर', चार 'नाल्वर'. म्हणजे आपलं दोघे, तिघे, चौघे! वही तशीच मांडीवर ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिले. इंग्रजीत या चित्रपटाला 'द ड्युओ' म्हणतात. त्यात जोडी येते, पण 'दोघे' म्हटल्यावर समोर उभी राहतात ती हाडामांसाची माणसं, ती मात्र येत नाहीत.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मणिरत्नम यांचा हा चित्रपट 1997 चा. आनंदन (मोहनलाल) नट, तमिळसेल्वन (प्रकाश राज) लेखक. सिनेमातली मैत्री, मग एकच पक्ष, मग फाटाफूट. मागे सावली आहे ती तमिळनाडूच्या दोन नेत्यांची: नट एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) आणि लेखक करुणानिधी यांची. 1950 च्या 'मंदिरी कुमारी'त करुणानिधींचे संवाद आणि नायक एमजीआर. 1967 मध्ये या दोघांचा पक्ष, द्रमुक, सत्तेवर आला, 1972 मध्ये एमजीआरना पक्षातून काढलं आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. एवढं माहीत असलं की गच्चीवरून खालच्या गर्दीकडे बघणारे ते दोघे वेगळेच दिसायला लागतात.

आता अडचणीचं. पुस्तकात 'इरुक्किरदु', तोंडात 'इरुक्कु'. दोन्ही म्हणजे 'आहे'. पुस्तकात 'वन्दुविट्टेन', तोंडात 'वन्दुट्टेन', म्हणजे 'मी आले'. म्हणून घरगुती बोलणं माझ्या हातून अजून निसटतं, बायका हळू आवाजात बोलतात ते तर फारच. उलट तमिळसेल्वनची भाषणं मला आधी कळायला लागली! तो ग्रांथिक तमिळ बोलतो, एकेक शब्द सुटा. शिकायला सुरुवात करणाऱ्याने भाषणांपासूनच करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

उच्चारात 'तमिळ' या शब्दातला शेवटचा वर्णच सगळ्यात अवघड. आपण ळ लिहितो, पण तो आपला ळ नव्हे. जीभ मागे वळवायची आणि टाळूला टेकू द्यायची नाही. आपला ळ त्यांच्याकडे वेगळा आहेच, तो आपल्याला आयता मिळतो. या एका वर्णावर मी नऊ दिवस घालवले, आणि काल पहिल्यांदा तो नीट निघाला.

गाण्यांत 'नरुमुगये' पूर्ण झालं. गीतकार वैरमुत्तूंनी त्यात संगम काव्यातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ कवितेतल्या, ओळी गुंफल्या आहेत. 'कुरुन्तोगै' या जुन्या संग्रहातली ती कविता: माझी आई आणि तुझी आई एकमेकींच्या कोण? तरी लाल मातीत पाऊस मिसळावा तशी आपली मनं मिसळली. कोकणातला पहिला पाऊस आणि तांबडी माती पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. 'वेन्निला वेन्निला' मात्र मी अभ्यासाला घेतलेलं नाही, नुसतं ऐकते. आशा भोसले तमिळ गातात, तेव्हा वही उघडावीशी वाटत नाही.

पुढच्या दोन आठवड्यांचं काम ठरलं आहे. तमिळमध्ये 'नाम' म्हणजे आपण आणि 'नांगळ' म्हणजे आम्ही. समोरच्याला धरून आणि समोरच्याला वगळून. मराठीतही हा भेद आहे, म्हणून कान तयार आहे. पहिल्या भेटीपासून ताटातुटीपर्यंतचे दोघांचे सगळे प्रसंग ओळीने बघायचे आणि कोण कुठे 'नाम' म्हणतो, कुठे 'नांगळ', ते वेळेसकट टिपायचं. वहीत दोन रकाने आखून ठेवलेत. कुणी सोबत करणार असेल तर स्टुडिओतल्या पहिल्या भेटीपासून सुरुवात करू.