गोरेवाडा मे महिन्यात: सकाळची पहिली बस धरा, परतीची गाडी आधीच ठरवा

ऑटोवाल्याला नुसतं 'गोरेवाडा' सांगू नका. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण आमची अर्धी सकाळ फाटकाच्या घोळातच गेली.

नागपूरच्या काटोल रोडला गोरेवाड्याच्या नावानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जंगल सफारी. ती खऱ्या जंगलातली, तिथं प्राणी दिसेल की नाही ते नशिबावर. दुसरं बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान, आणि त्यातली 'इंडियन सफारी'. ही २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. मोठमोठ्या कुंपणांच्या आत वाघ, बिबट, अस्वलं आणि चितळ-नीलगायी मोकळे असतात आणि आपण बसमध्ये बंद. लहान मुलं सोबत असतील तर हीच हवी. दोन्हींची फाटकं वेगवेगळी आहेत.

आम्ही चंद्रपूरहून नणंदेकडे सोमलवाड्याला आलो होतो. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. ऑटोवाल्याला 'इंडियन सफारी' असं स्पष्ट सांगूनच तीनशे रुपये ठरवले. "माहीत आहे ना ताई सगळं," म्हणाला आणि नेऊन उतरवलं जंगल सफारीच्या फाटकावर. तिथल्या माणसानं तुमचं फाटक हे नाही म्हटल्यावर हाच ऑटोवाला पुढं न्यायचे ऐंशी रुपये वेगळे मागायला लागला. चूक त्याची आणि पैसे आम्ही द्यायचे! मी एक रुपया जास्त दिला नाही, पण त्या वादात वीस-पंचवीस मिनिटं गेली आणि ऊन चढलं. बसण्याआधी मोबाईलवर नकाशात फाटक दाखवा, 'इथंच' असं त्याच्या तोंडून वदवून घ्या, मगच बसा.

दुपट्टा, टोपी, पाणी, ग्लुकोज हे मी सांगत बसत नाही. विदर्भात मे महिन्यात घराबाहेर पडणाऱ्याला तेवढं कळतंच. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. आम्ही चंद्रपूरचे, उन्हाला भिणारे नाही, तरी सांगते की अकरानंतरची बस घेऊच नका. आम्हाला मिळाली ती अकराचीच.

एसी बस मिळाली तर डोळे झाकून घ्या. जादा लागणारे पैसे वसूल होतात. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, खिडकीवर उभं राहायला नको.

अकरा वाजता चितळं झाडाखाली दाटीवाटीनं उभी होती आणि शेपट्यांशिवाय त्यांचं काहीच हलत नव्हतं. बिबट दिसला नाही. मुलगी रडवेली झाली. पण वाघ मात्र असा दिसला की सगळा शीण गेला. पाणवठ्याशी आला, वळला आणि पाठमोरा होऊन मागचे पाय आधी पाण्यात टाकत हळूहळू मागं सरकत बसला, मानेपर्यंत. तोंड कोरडं, डोळे अर्धे मिटलेले, फक्त एक कान माशी हाकलायला फडफडत होता. बस जवळ जाऊन थांबली तरी त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मांजराच्या जातीचा प्राणी पाण्यात इतका सुखानं बसतो हे मुलं डोळे विस्फारून बघत होती, आणि खरं सांगते, मीसुद्धा. ताडोब्याच्या एवढ्या जवळ राहून मी इतक्या जवळून वाघ कधी पाहिला नव्हता. खिडकीची जागा धरा, मुलांना मांडीवर घ्या, आणि बसमध्ये कोणी ओरडायला लागलं तर सरळ गप्प करा.

एक गोष्ट मुलांना घरूनच समजावून आणा. आमच्या मुलाला साहेबराव बघायचा होता. साहेबराव म्हणजे आमच्याच जिल्ह्यात २०१२ मध्ये शिकाऱ्यांच्या फासात पंजा गमावलेला वाघ. त्याला कृत्रिम पंजा बसवायचा प्रयत्न २०२० मध्ये इथंच गोरेवाड्याला झाला आणि त्यानं तो झटकून टाकला. ती गोष्ट शाळेत ऐकल्यापासून मुलाच्या डोक्यात तेच होतं. पण जखमी आणि पकडून आणलेले प्राणी बचाव केंद्रात असतात, आणि ते पर्यटकांसाठी नाही. आम्हाला घरी एका पाहुण्यानं 'तेपण दाखवतात' असं छातीठोक सांगितलं होतं. दाखवत नाहीत, आणि दाखवू नयेच. त्या जनावरांनी माणसाचा त्रास पुरेसा सोसला आहे.

आता खरा त्रास. फेरी संपली, साडेबाराच्या सुमारास आम्ही बाहेर काटोल रोडला आलो आणि तिथून पुढचा तास मी विसरणार नाही. आम्ही उभे होतो तिथं सावलीला झाड नव्हतं, झळा तोंडावर येत होत्या, रस्त्यावरून ट्रक आणि चारचाक्या सुसाट. ॲपवरच्या गाड्या होकार देत आणि दोन मिनिटांत रद्द करत. वीस रुपयांची पाण्याची बाटली एका हातगाडीवाल्यानं चाळीसला दिली, सासूबाईंना चक्कर आल्यासारखं होत होतं म्हणून मी घेतली. शेवटी एक ऑटो थांबला. सोमलवाड्याचे सहाशे!

"काऊन भाऊ, सकाळी तीनशेत आलो," हे म्हणाले.

"सकाळची गोष्ट वेगळी हाय. एवढ्या उन्हाचं इकडं कोण येते? पटत असन तर बसा."

म्हातारं माणूस उन्हात उभं असताना घासाघीस किती करणार, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. ही सरळसरळ अडवणूक आहे. तेवढ्यात नणंदेनं फोनवर उपाय सांगितला तो लिहून ठेवा: घरापर्यंत ऑटो करूच नका. कस्तुरचंद पार्क मेट्रो स्टेशनपर्यंतच करा आणि पुढं ऑरेंज लाइन पकडा. आम्ही त्याच ऑटोवाल्याशी कस्तुरचंद पार्कचे अडीचशे ठरवले, तेही जास्तच, पण तिथून थंडगार मेट्रोनं सोमलवाड्याजवळच्या उज्ज्वलनगर स्टेशनला अगदी किरकोळ पैशांत पोहोचलो. सासूबाईंच्या जिवात जीव मेट्रोतच आला. घरी पन्हं तयार होतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे सकाळी आणणाऱ्या ऑटोवाल्यालाच थांबवून घ्या. जाणं-येणं-थांबणं मिळून आधी ठरवा आणि पैसे घरी परतल्यावर द्या, आधी अजिबात नाही. ज्येष्ठ माणूस सोबत असेल आणि स्वतःची गाडी नसेल तर मे महिन्यात याशिवाय जाऊच नका, डिसेंबरात जा.

नंतर एका सकाळी महाराजबागेतही गेलो. भोसल्यांच्या काळातली बाग, आता कृषी महाविद्यालयाकडे आहे, सीताबर्डीपासून हाकेच्या अंतरावर. झाडी जुनी आणि दाट, मुलं खेळली, कुठं काही अडलं नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी तीच पुरेशी आहे, गोरेवाड्याची धावपळ नको.

सोमवारी इंडियन सफारी आणि महाराजबाग दोन्ही बंद असतात. रविवारी गर्दी होते, म्हणून मंगळवार ते शुक्रवारमधली सकाळ बघा.