यीस्टमधली भाऊबंदकी

पाव फुगवणारं साधं यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, आपल्याच जातभाईंना विष घालून मारतं हे मला एमएस्सीच्या प्रॅक्टिकलपर्यंत माहीतच नव्हतं. तेव्हाही पहिली प्लेट मी सवयीने ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी काहीच दिसलं नाही, कारण के१ नावाचं हे विष (टॉक्सिन) भलतंच नाजूक, त्याला पीएच ४.७ च्या आसपास आंबट लागतो आणि २०-२२ डिग्रीचा गारवा, जरा गरम झालं की संपलं. दुसऱ्यांदा नीट केलं तर मिथिलीन ब्लू हा रंग घातलेल्या, दुसरं यीस्ट पसरलेल्या अगरवर किलरच्या (विष बनवणाऱ्या यीस्टच्या) ठिपक्याभोवती मोकळं रिंगण, आणि कडेला मेलेल्या पेशींची निळी किनार. भारी दिसतं!

हे विष १९६३ साली बेव्हन आणि मॅकॉवर यांनी दाखवलं. पण गंमत म्हणजे त्याचा जीन यीस्टचा नाहीच, आत राहणाऱ्या एका डबल स्ट्रँडेड आरएनए व्हायरसचा आहे, आणि त्या व्हायरसलाही स्वतःचं कवच नाही, ते एल-ए नावाच्या दुसऱ्या व्हायरसकडून उसनं घेतो. म्हणजे भाडेकरूचा पोटभाडेकरू.

टॉक्सिनची रचना वाचताना मला सारखं इन्सुलिन आठवत होतं. आधी ३१६ अमिनो आम्लांची एक लांब साखळी बनते, मग केएक्स२ नावाचं एन्झाइम ती कापतं, मधला गॅमा तुकडा बाहेर जातो आणि अल्फा-बीटा हे दोन तुकडे डायसल्फाइड बंधांनी जोडलेले राहतात. अगदी प्रोइन्सुलिनसारखंच, म्हणजे इन्सुलिनच्या आधीच्या न कापलेल्या साखळीसारखं. (आपल्या शरीरातली अशी कापणारी एन्झाइम्स सापडली तीही या केएक्स२ च्या मागावरून.)

बाहेर पडलेलं के१ समोरच्या पेशीच्या भिंतीतल्या बीटा-१,६-ग्लुकानला चिकटतं, तिथून आतल्या पडद्याला भोकं पाडतं, पोटॅशियम गळायला लागतं आणि पेशी मरते. के२८ या दुसऱ्या किलर विषाची तऱ्हा निराळी, ते पेशीच्या आत शिरून थेट न्यूक्लियस गाठतं आणि डीएनएची कॉपी काढणंच बंद पाडतं.

मग किलर स्वतः का मरत नाही? तर के१ ची ती न कापलेली साखळीच त्याचा उतारा आहे. म्हणून व्हायरस गेला की विष गेलं आणि उताराही गेला, आता शेजारचा किलर त्यालाच मारणार. माझ्या प्लेटवर जे यीस्ट मरत होतं ते असंच, व्हायरस काढून टाकलेलं, त्याच किलरचं सख्खं भावंड होतं.